बी.एस्सी. नर्सिंग: हॉस्पिटलच्या कॉलेजात की छोट्या विद्यापीठात?

बी.एस्सी. नर्सिंगच करायचं हे ज्यांचं पक्कं झालंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) की बी.एस्सी. हा वाद इथे घेत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला बी.एस्सी.वाल्यांना अनुभवाची अट नाही, जीएनएमवाल्यांना निदान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला २ वर्षांचा अनुभव लागतो.

मुंबईतल्या मुलींपुढचा खरा पेच पुढचा आहे. एका बाजूला मोठ्या हॉस्पिटलने चालवलेलं, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न कॉलेज. दुसऱ्या बाजूला छोट्या विद्यापीठाचं स्वतःचं नर्सिंग कॉलेज, जिथे शेजारच्या वर्गात मानसशास्त्र, आहारशास्त्र, समाजकार्य शिकणाऱ्या मुली असतात. मुंबईत या प्रकारचं ठळक उदाहरण म्हणजे एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या महिला विद्यापीठाचा तो भाग. नवी मुंबईतली अभिमत विद्यापीठं आकाराने छोटी असली तरी त्यांची स्वतःची मोठी हॉस्पिटलं आहेत, म्हणून या तुलनेत मी त्यांना पहिल्या बाजूला धरते. मी स्वतः दुसऱ्या प्रकारात शिकले, आता आयसीयूत काम करते, आणि माझ्यासोबत दोन्हीकडच्या मुली आहेत.

हॉस्पिटलच्या कॉलेजाचं मोठं बळ म्हणजे हात बसतो. सकाळी उठलं की वॉर्ड समोरच. पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू, मलेरियाने मेडिसिनचे वॉर्ड भरतात तेव्हा पुस्तकातली लक्षणं एकाच रांगेत बघायला मिळतात. लेबर रूम आपलीच असल्यामुळे प्रसूतीच्या केसेस मिळतात आणि केसबुक, म्हणजे हाताळलेल्या केसेसची नोंदवही, वेळेत भरतं. आमचं तसं नव्हतं. कॉलेज एकीकडे, पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष काम, दुसरीकडे. पहाटेची लोकल, पिशवीत इस्त्रीचा युनिफॉर्म, तिथे पोचल्यावर कपडे बदलायला जागा शोधायची. वॉर्डातल्या सिस्टर सुरुवातीला पाहुण्यांसारखं वागवतात, प्रसूतीच्या केसेससाठी दोन-तीन कॉलेजांच्या मुली ताटकळत असतात. हा त्रास खरा आहे आणि तो चारही वर्षं राहतो. घर कर्जत-कसाऱ्याकडे असेल आणि होस्टेल मिळत नसेल, तर याचा विचार फॉर्म भरण्याआधीच करा.

तरीही माझा निर्णय दुसऱ्या बाजूने झाला तो एका गोष्टीमुळे. माझी मामेबहीण माझ्या आधी एका खासगी हॉस्पिटलच्या कॉलेजात होती. वेळापत्रकात दुपारी फार्माकॉलॉजी लिहिलेलं असायचं. मुली तासाला बसल्या की वॉर्डातून निरोप यायचा, “आज क्लास राहू दे, स्टाफ नाहीये, चार मुली पाठवा.” मुली जायच्या आणि काय करायच्या? लॅबमधून रिपोर्ट आणायच्या, ब्लड बँकेत चिठ्ठी पोचवायच्या, चादरी मोजायच्या, डिस्चार्जची फाईल बिलिंगला न्यायच्या. नाईटला तर दुसऱ्या वर्षाच्या मुलीवर अख्खा वॉर्ड, सोबत एकच स्टाफ नर्स. बुडालेला तास परत होत नसे, नोट्सची झेरॉक्स हातात पडायची. ती घरी आली की मामी विचारायची, “काय शिकलीस गं आज?” आणि ती गप्प राहायची. हुशार मुलगी होती, अभ्यासाची आवड होती. मला तिच्या त्या गप्प राहण्याचा फार राग यायचा, आणि आजही येतो. फी भरून शिकायला आलेल्या मुलीला बिनपगारी मनुष्यबळ म्हणून वापरणं मला कधीच पटलेलं नाही.

हॉस्पिटल विद्यापीठाच्या मालकीचं नसेल, तर हे सहजासहजी घडत नाही. आमच्यासोबत आमच्या मॅडम वॉर्डात यायच्या. कुणी रिपोर्ट आणायला पिटाळलं तर त्या शांतपणे सांगायच्या, “सिस्टर, ती आत्ता केस घेतेय.” एकेका रुग्णाचा केअर प्लॅन त्या खाटेपाशी उभ्या राहून तपासायच्या. हे सगळ्या छोट्या विद्यापीठांत असंच असेल असा दावा नाही, आणि सगळीच हॉस्पिटलची कॉलेजं मुलींना राबवतात असंही मी म्हणणार नाही. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मुलींना जीव तोडून शिकवणाऱ्या ट्यूटर मी पाहिल्या आहेत.

नोकरीत काय फरक पडतो? सुरुवातीचे काही महिने हॉस्पिटलच्या कॉलेजातल्या मुली सरस दिसतात. सलाईन पटकन लावतात, क्रॅश कार्टमध्ये (तातडीच्या औषधांच्या आणि साधनांच्या ट्रॉलीत) काय कुठे आहे ते न शोधता काढतात. वर्षभरात ही तफावत भरून निघते, निदान आमच्या युनिटमध्ये निघालेली दिसली. रुग्णाचा श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून वर गेला, बीपी उतरू लागलं, बोलणं किंचित भरकटलं, तर हा सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था) असू शकतो असं डॉक्टरांना आपणहून फोन करून सांगण्याचा आत्मविश्वास मात्र वर्गात कारणं नीट शिकलेल्या मुलीत मला जास्त दिसतो. हे मोजमाप नव्हे, माझं निरीक्षण आहे.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दोघींना सारखीच मिळते, त्यामुळे नॉरसेट, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, उपकेंद्रावरचं समुदाय आरोग्य अधिकारीपद ही दारं दोघींना उघडी असतात. आपल्याच हॉस्पिटलात लगेच नोकरी हा पहिल्या बाजूचा फायदा आहे, आणि घरात पगाराची तातडीने गरज असेल तर तो छोटा नाही. माझ्या वर्गातल्या मुली मात्र जास्त पांगल्या: कुणी इन्फेक्शन कंट्रोलमध्ये, कुणी डायबिटीस एज्युकेटर, कुणी एका वर्षाच्या अनुभवानंतर एम.एस्सी. करून शिकवतेय. आहारशास्त्राच्या आणि समाजकार्याच्या मुलींबरोबर चार वर्षं काढल्यामुळे वॉर्डाबाहेरचं काम आम्हाला परकं वाटलं नाही. परदेशी जाणाऱ्यांना थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या तासांसकट ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शिक्षणाचा अधिकृत तपशील, लागतं. छोट्या ठिकाणी ऑफिसातल्या ताई नावाने ओळखतात, याचा तेव्हा फार उपयोग होतो.

दोन्हीकडच्या जागा मिळत असतील तर फी भरण्याआधी दोन कामं करा. बाँड आहे का आणि मूळ प्रमाणपत्रं कॉलेज स्वतःकडे ठेवतं का, हे लेखी विचारा. मग सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्या पोस्टिंगच्या वॉर्डाबाहेर थोडा वेळ थांबा. विद्यार्थिनी रुग्णाजवळ शिक्षिकेसोबत उभ्या दिसतात, की हातात फाईल घेऊन लिफ्टपाशी, ते बघा. तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी भेटली तर तिला विचारा, गेल्या आठवड्यात किती तास झाले आणि किती बुडाले.