लो-डोस सीटी घ्यावा की नेहमीचा?

रेडिएशन कमी म्हणजे लो-डोसच बरा असं सरसकट वाटतं, पण आधी बघायचं ते हे की स्कॅनमध्ये नक्की शोधायचंय काय.

छाती असेल तर माझं मत सरळ लो-डोसला. नेहमीचा छातीचा सीटी साधारण 6-7 मिलीसीव्हर्टचा (रेडिएशन मोजायचं एकक), लो-डोसवाला दीडच्या आसपास, आणि निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिळतं. फुफ्फुसात हवा भरलेली त्यामुळे गाठ उठून दिसते, फोटो थोडा दाणेदार आला तरी काही अडत नाही. अमेरिकेतल्या एनएलएसटी ट्रायलचा रिझल्ट 2011 मध्ये आला, त्यात खूप सिगारेट ओढलेल्या लोकांचं स्क्रीनिंग लो-डोसवरच केलं होतं आणि साध्या एक्सरेवाल्या ग्रुपपेक्षा फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 20 टक्के कमी निघाले. मुतखड्यालाही लो-डोस चालतो, खडा पांढराशुभ्र दिसतो ना, फक्त खडा अगदी बारीक असेल किंवा पेशंट जाड असेल तर सुटू शकतो.

लिव्हर, पॅन्क्रियाजचं मात्र उलटं. तिथे गाठ आणि शेजारचा भाग दोन्ही करडेच, फरक जरासा, तो नॉइजमध्ये (म्हणजे फोटोच्या दाणेदारपणात) बुडून जातो. आणि हिशोब असा वाईट आहे की डोस निम्मा केला तर नॉइज साधारण 40 टक्के वाढतो, पण नॉइज निम्मा हवा असेल तर डोस चौपट लागतो. इथे लो-डोसचा हट्ट धरला, रिपोर्टमध्ये नीट काही कळलं नाही आणि परत स्कॅन काढावा लागला तर दोन्ही डोस अंगावर, मग वाचवलं काय?

नवीन मशीनमध्ये एआय रिकन्स्ट्रक्शन (एआय वापरून फोटो तयार करणं) असतं, ते नॉइज छान पुसतं म्हणून डोस बराच खाली आणता येतो हे खरंय, पण फोटो गुळगुळीत दिसला म्हणजे फिकट गाठ दिसेलच असं नाही (जाहिरातीत हे कोण सांगणार!). कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध) देऊन रक्तवाहिन्या बघायच्या असतील आणि पेशंट बारीक असेल तर एक्सरे ट्यूबचं व्होल्टेज 120 ऐवजी 100 केव्ही (किलोव्होल्ट) जास्त पटतं, आयोडीन उलट जास्त चमकतं आणि डोसही उतरतो.

पोटाच्या स्कॅनला खरी बचत फेजमध्ये आहे. साधा (कॉन्ट्रास्टशिवाय), आर्टेरियल (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असताना), व्हीनस (शिरांत पोचल्यावर) असा प्रत्येक फेज म्हणजे एक वेगळा स्कॅनच, त्यामुळे "लो-डोस करा" म्हणण्यापेक्षा "सगळे फेज लागणारेत का?" हे डॉक्टरांना विचारा.