तीन की चार? नाशिकच्या सिमेंट कोर्टवरून दोन फॉरवर्ड्सचा हिशेब

बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलाची उंची बरी आहे, बॉल हातात बसतो, पण बॉल पुढे आणणाऱ्या गार्डसारखं ड्रिबलिंग नाही आणि बास्केटखाली खेळणाऱ्या सेंटरसारखा देहही नाही. अशा मुलाला कोच कधी ना कधी विचारतातच, "तीन खेळणार की चार?" तीन नंबर म्हणजे स्मॉल फॉरवर्ड, चार म्हणजे बास्केटच्या जवळ खेळणारा पॉवर फॉरवर्ड. आणि दहातली आठ-नऊ मुलं फार विचार न करता तीन म्हणतात. साहजिकच आहे. स्मॉल फॉरवर्ड म्हटलं की डोळ्यांसमोर लेब्रॉन जेम्स आणि केविन ड्युरंट येतात, आमच्या पिढीला लॅरी बर्ड आणि स्कॉटी पिपेन आठवतात. चार नंबरवाल्या टिम डंकनने पाच वेळा एनबीए, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक लीग, जिंकली, पण बोर्डला टेकवून टाकलेल्या त्याच्या त्या शांत शॉटची रील कोण बघतो?

मी दोन्ही जागा खेळलो आहे. इंडोअर कमी, उघड्या सिमेंट कोर्टवर जास्त. त्यामुळे खाली जे लिहितोय ते आपल्या क्लबच्या, कॉलेजच्या, जिल्हा पातळीच्या खेळाबद्दल आहे असं धरून चाला. त्याच्या वरच्या पातळीचं गणित वेगळं असू शकेल.

आधी तीनचं कौतुक करतो, कारण ते खरं आहे. तीन नंबर बहुतेक वेळ बास्केटकडे तोंड करून खेळतो. समोर अख्खं कोर्ट दिसतं. फास्ट ब्रेकला, म्हणजे समोरचे सावरायच्या आत धावून केलेल्या हल्ल्यात, गार्ड मधून बॉल आणतो, तुम्ही साइडलाइनच्या कडेने सुसाट सुटता आणि शेवटच्या दोन पावलांत बॉल हातात येतो, तो ले-अप टाकण्यासारखं सुख या खेळात दुसरं नाही. डिफेन्सला समोरच्या टीमचा सगळ्यात चांगला स्कोअरर बहुधा तुमच्याच वाट्याला येतो, त्यामुळे पाय हलते राहतात, खेळ शिकायला मिळतो. अंगावर मार कमी बसतो. तिशीनंतरही खेळायचं असेल तर हा मुद्दा छोटा नाही.

आता कॉर्नर.

सेट, म्हणजे आखलेली चाल, खेळताना तीन नंबरला पुष्कळदा कॉर्नरमध्ये उभं करतात. कोचच्या बोर्डवर ते बरोबरच दिसतं. तुम्ही तिथे उभे असलात की तुमचा डिफेंडर बाहेर ओढला जातो, आत गार्डला आणि सेंटरला जागा मिळते. शिवाय थ्री पॉइंटची रेषा (जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट मिळतात) बास्केटच्या समोर ६.७५ मीटरवर असते, कॉर्नरमध्ये तीच ६.६० मीटरवर येते, म्हणजे शॉटही थोडा जवळचा. कागदावर सगळा फायदाच. पण तिथे उभं राहून बघा. थ्री पॉइंटची रेषा आणि साइडलाइन यांच्यामध्ये जागा असते ९० सेंटिमीटर. बास्केटकडे तोंड केलं की बूट त्या पट्टीत आडवा पडतो. पुढचं बोट रेषेला लागलं तर तीन पॉइंटचे दोन होतात, मागची टाच साइडलाइनला लागली तर बॉल समोरच्यांना. आणि आपल्याकडच्या कित्येक कोर्टांवर पावसाळा संपला की रंग अर्धा गेलेला असतो. रेषा तुम्हाला दिसत नाही, रेफरीला मात्र बरोबर दिसते.

हेही चाललं असतं. मला खुपलं ते वेगळंच. तिथे बॉल येतच नाही. क्लबच्या मॅचमध्ये गार्ड पोरगा बॉल घेऊन येतो, मान खाली, तीन-चार ड्रिबल, पायांतून एक, पाठीमागून एक, मग गर्दीत घुसतो आणि वेडावाकडा शॉट टाकतो. तुम्ही हात वर करून, गुडघे वाकवून, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखे तयार. पंगतीत शेवटच्या पानावर बसलं की जिलेबी येईपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं, तसं होतं ते. दोन क्वार्टर बॉलला हात लागत नाही आणि तिसऱ्यात अचानक एक पास येतो, तेव्हा मनगट थंड पडलेलं असतं. शॉट चुकतो. मग बेंचवरून आवाज, "अरे, मोकळा होतास ना!" याला उपाय आहेत, नाही असं नाही. कट मारा, वर या, ओरडून बॉल मागा. मी सगळं करून पाहिलं. पण शेवटी तीन नंबरचं खेळणं दुसऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतं, आणि ती नजर आपल्या पातळीवर फार दुर्मिळ. माझा निर्णय तिथेच झाला.

चार नंबरला बॉल कुणी द्यावा लागत नाही, तो स्वतः मिळवता येतो. आपल्या पातळीवर निम्म्याहून जास्त शॉट चुकतात, हे कबूल करायला कुणाची हरकत नसावी. त्यात उघड्या कोर्टवरच्या लोखंडी कड्याला स्प्रिंग नसते, बॉल आदळतो आणि लांब उडतो. डिसेंबर-जानेवारीत नाशकात सकाळी पारा दहाच्या खाली उतरतो. गारठ्यात बॉलमधली हवा बसते, बोटं आखडतात आणि पहिला अर्धा तास सगळ्यांचेच शॉट आखूड पडतात. त्या वेळी तीन नंबर कॉर्नरमध्ये हात चोळत उभा असतो. चार नंबरचा मात्र सीझन असतो.

रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा उडालेला बॉल पकडणं, हा उंच उडीचा खेळ आहे असा एक समज आहे. शॉट सुटला की कोर्टवरच्या सगळ्यांच्या माना वर जातात. चार नंबरने नेमकं तेव्हा वर बघायचं नसतं. आधी आपला माणूस शोधायचा, त्याच्याकडे पाठ फिरवायची, कंबर खाली घेऊन त्याच्या मांड्यांवर जवळजवळ बसायचं, कोपरं बाजूला, तळहात उघडे. तो मागून ढकलतोय हे पाठीला कळलं की मगच डोकं वर. एका बाजूच्या कॉर्नरमधून सुटलेला शॉट चुकला तर बॉल बऱ्याचदा पलीकडच्या बाजूला पडतो, हे एकदा अंगात भिनलं की उडी मारायच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं. आणि आपल्याच टीमच्या चुकलेल्या शॉटचा रिबाउंड घेतला तर शॉट टाकायची मुदत मोजणाऱ्या शॉट क्लॉकवर नव्याने १४ सेकंद मिळतात. शॉट क्लॉक नसलेल्या मॅचमध्ये, आणि आपल्याकडे अशाच जास्त, ते सेकंद कुणी मोजत नाही, पण आणखी एक शॉट मिळतोच.

चारचे तोटे झाकत नाही. बोटं मुडपतात. उडीवरून खाली येताना दुसऱ्याच्या बुटावर पाय पडला की घोटा गेला, आणि सिमेंटवर गुडघ्यांचं काही खरं नाही. फाउल पटापट लागतात, पाच झाले की बाहेर. कौतुक तर विसराच. अधिकृत स्कोअरशीटवर पॉइंट, फाउल आणि टाइमआउट लिहिले जातात, रिबाउंडला रकानाच नाही. घरी येऊन "आज बारा रिबाउंड घेतले" सांगितलं तर पुढचा प्रश्न असतो, "आणि बास्केट किती?"

उंचीची भीती मात्र फुकटची आहे. चार्ल्स बार्कलीची अधिकृत उंची ६ फूट ६ इंच, एनबीएच्या मानाने बुटकाच, तरी १९८६-८७ च्या सीझनला रिबाउंडमध्ये तो लीगमध्ये पहिला होता. ६ फूट ७ इंचाच्या डेनिस रॉडमनने तर सलग सात सीझन तो मान सोडला नाही. ते प्रमाण आपल्या टीमला लावलं तर पाच फूट दहा, पाच फूट अकरा इंचाचा मुलगा चार खेळायला पुरतो.

चार घेतलं की बाहेरून शूटिंग बंद, हेही जुनं झालं. डर्क नोविट्झकी चार नंबरच होता आणि २०११ चं विजेतेपद त्याने बाहेरच्या शॉटवर ओढून आणलं. साधी गोष्ट बघा. तुम्ही गार्डसाठी स्क्रीन लावता, म्हणजे त्याच्या डिफेंडरच्या वाटेत उभे राहता, तो तुमच्या खांद्याला घासून जातो, तुम्ही दोन पावलं मागे सरकता. आता गार्डने मान खाली घातली तरी तुम्ही त्याच्या शेजारीच आहात, तुम्हाला विसरायला त्याला मेहनत करावी लागेल. मला सगळ्यात जास्त मोकळे शॉट असेच मिळाले, कॉर्नरमध्ये नव्हे.

थ्री बाय थ्री, म्हणजे तीन-तीन जणांचा खेळ, खेळणार असाल तर हा प्रश्नच जवळपास मिटतो. अर्धं कोर्ट, शॉटला १२ सेकंद, सगळ्यांनाच सगळं करावं लागतं.

तरीही हातात खरोखर शॉट असेल, पळायला आवडत असेल, अंगावर घेण्याची हौस नसेल, तर तीन घ्या, चुकणार नाही तुमचं. फक्त कोचला होकार देण्याआधी टीमची एक मॅच बाहेर बसून बघा आणि बॉलकडे न बघता गार्डच्या मानेकडे बघा. हाफ लाइन ओलांडल्यावर ती एकदा तरी कॉर्नरकडे वळते का? वळत असेल तर तीन. नसेल, तर कोचना चार सांगा आणि एक चांगला अँकल सपोर्ट घेऊन ठेवा.