छताला टांगायचा सहा दांड्यांचा स्टँड: पावसाळ्यात घ्याच

बाल्कनी चार फुटांची, घरात पाच माणसं आणि बाहेर धो धो पाऊस असेल तर हा स्टँड घ्याच. प्रत्येक दांडीची दोरी वेगळी. हवी ती दांडी छातीपर्यंत खाली घ्यायची, कपडे वाळत घालायचे आणि ओढून वर. आमच्या सासूबाईंचं स्टुलावर चढणं बंद झालं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

दांड्या मात्र स्टेनलेस स्टीलच्याच बघा. रंग दिलेल्या लोखंडी दांडीचा रंग उडाला की पांढऱ्या कपड्यांवर गंजाचे डाग पडतात, आणि ते ब्लीचनेही जात नाहीत.

कपडा आधी जोरात झटकून घ्या, इस्त्रीचे निम्मे कष्ट वाचतात. टी-शर्टला खांद्यावर चिमटे लावू नका, ओल्या वजनाने खांदे ओघळतात. खालच्या काठाला लावून उलटा टांगा. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेकडून. सुती साडी दोन दांड्यांवर पसरली की मधून वारा खेळतो. शेजारच्या दांड्या वरखाली ठेवून पंखा लावला, तर जुलैतही कुबट वास येत नाही.

तक्रार एकच. सोबतची नायलॉनची दोरी कप्पीपाशी घासून तिचे धागे निघाले. हार्डवेअरवाल्याकडून जाड, विणलेली दोरी आणून बदलली. आणि बसवताना ड्रिल स्लॅबमध्येच मारून घ्या, पीओपीच्या छताला ओल्या चादरींचं वजन पेलत नाही.