चार माईकची गोल पाटी: एक आवाज असेल तर झकास, दोन झाले की गंमत

महिनाभर वापरून लिहितोय. चार माईकचा यूएसबी बोर्ड आहे, बशीएवढा, कुरिअर धरून सात हजारला पडला. खोक्यावर लिहिलंय की 360 अंशात आवाजाची दिशा दाखवतो, ते खोटं नाही पण अर्धवट आहे.

ऐरोलीच्या आमच्या हॉलमधे मी बोर्डाभोवती फिरत पाढे म्हटले तर एलईडीचा ठिपका बरोबर माझ्या मागे मागे. मग टीव्ही लावला आणि तेवढ्यात आईने किचनमधून "अरे दूध बघ रे" अशी हाक मारली, तर ठिपका कधी टीव्हीकडे कधी आईकडे, मधेच सोफ्याकडे जिथे कोणीच नाही. दूध उतू गेलंच.

आतलं सॉफ्टवेअर एका वेळी एकच कोन देतं हो. बरं काम पण नाजूक आहे, शेजारच्या दोन माईकमधलं अंतर पट्टीने मोजलं तर साडेचार सेंटीमीटर, आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, म्हणजे दोन माईकना आवाज पोचण्याच्या वेळेतला फरक फार तर 131 मायक्रोसेकंद, 16 किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमधे जेमतेम दोन सॅम्पल (आवाजाच्या दोन नोंदी)! एवढ्यावरून दिशा काढायची. आणि साधारण 3.8 किलोहर्ट्झच्या वरच्या बारीक आवाजात त्याच फरकाला दोन-दोन दिशा बसतात.

म्हणून घेताना एकच विचारा, चारही माईकचं कच्चं रेकॉर्डिंग वेगवेगळं मिळतं का, म्हणजे दिशा दुसऱ्या सॉफ्टवेअरने काढता येतात. यात मिळतं, पण त्यासाठी फर्मवेअर (बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलावं लागतं आणि मॅन्युअलमधे त्यावर एक ओळ नाही, विकणाऱ्याला मेल केला तर उत्तर नवव्या दिवशी. मग रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ओडास टाकलं (एका वेळी अनेक आवाजांच्या दिशा काढणारं सॉफ्टवेअर, कॅनडातल्या शेरब्रूक विद्यापीठातलं, फुकट आहे) आणि टीव्ही आणि आई अशा दोन वेगळ्या रेघा स्क्रीनवर दिसल्या, जाम भारी वाटलं. म्युझिक नावाची दिशा काढायची जुनी पद्धत पण करून बघितली, तिला आवाज माईकपेक्षा कमी लागतात, चार माईक तर तीनच आवाज, आणि प्रतिध्वनी आला की ती गडबडते कारण तो त्याच आवाजाची कॉपी असतो.

प्रतिध्वनीचा त्रास खरा. कुकरची शिट्टी किचनमधे आणि रेघ गॅलरीत! स्लायडिंगच्या काचेवरून आपटून येत होती, जाड पडदा ओढला तेव्हा कुठे रेघ किचनकडे सरकली. गच्चीवर मात्र क्रिकेट खेळणारी तीन पोरं आरामात वेगळी दिसली, फक्त वारा सुटला की सगळा गोंधळ, माईकवर स्पंज लावून द्यायला काय जातं यांचं.

चार स्टार. एक मॅन्युअलचा कापला.