नॉन नॉन बियोरी : निरोप न घेता गेलेल्या मैत्रिणीची गोष्ट

चौथा भाग संपला तेव्हा लेक माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, ती हिला सांगून का नाही गेली?" ती आठ वर्षांची आहे. मला पटकन काही बोलता आलं नाही. तिच्याएवढी असताना मी एका बंद दारासमोर उभी होते, हातात मैत्रिणीला परत द्यायचं गोष्टीचं पुस्तक होतं, आणि माझ्या मनातही नेमकं हेच आलं होतं. तिच्या वडिलांची बदली झाली होती. ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे.

म्हणून हा रिव्ह्यू तटस्थपणे लिहिणं मला जमणार नाही, हे आधीच सांगते.

'नॉन नॉन बियोरी' ही अत्तो यांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, बेतलेली जपानी अ‍ॅनिमेशन मालिका. सिल्व्हर लिंक या स्टुडिओने बनवलेली, शिन्या कावात्सुरा यांनी दिग्दर्शित केलेली. पहिला सीझन २०१३ साली आला, दुसरा २०१५ मध्ये, तिसरा २०२१ मध्ये. प्रत्येकात बारा भाग. मधे २०१८ साली एक चित्रपटही आला, त्यात ही सगळी मंडळी ओकिनावाला फिरायला जातात. गोष्ट घडते आसाहिगाओका नावाच्या काल्पनिक खेड्यात. भातशेती, डोंगर, आणि क्वचितच येणारी बस. गावातल्या शाळेत विद्यार्थी किती? पाच. पहिलीतली रेंगे, टोकियोहून नुकतीच आलेली पाचवीतली होतारू, सातवीतली नात्सुमी, तिची आठवीतली बहीण कोमारी आणि या दोघींचा नववीतला भाऊ सुगुरू. सगळे एकाच वर्गात. शिकवणारी काझुहो ही रेंगेचीच मोठी बहीण, आणि ती बऱ्याचदा वर्गातच झोपलेली असते.

मला या मालिकेतलं सगळ्यात खरं वाटलं ते हे, की या मुलांनी एकमेकांना निवडलेलं नाही. गावात दुसरं कुणी नाहीच. सहा वर्षांची पोर चौदा वर्षांच्या मुलीबरोबर खेळते, कारण खेळायला तीच आहे. लहानपणीची मैत्री अशीच तर होते. शेजारी कोण राहतं, शाळेच्या वाटेवर कोण भेटतं, एवढ्यावर. आवडीनिवडी जुळतात का हे बघायची अक्कल आणि गरज दोन्ही नंतर येतात. मोठ्यांनी लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींत मुलांची मैत्री एखाद्या संकटातून घडते. इथे ती रोज एकाच रस्त्याने चालत गेल्यामुळे होते आणि टिकते.

रेंगेबद्दल थोडं जास्त लिहायलाच हवं. जांभळट केस, दोन शेपट्या, चेहरा बहुतेक वेळा मख्ख, आणि भेटल्यावर 'न्यानपासू' अशी स्वतःच बनवलेली हाक. पहिल्याच भागात तिला प्रश्न पडतो की आपण राहतो ते खेडं आहे की काय? आजवर तिला तसं कधी वाटलेलंच नसतं. कोतोरी कोइवाई यांनी तिला दिलेला आवाज इतका सपाट आणि इतका जिवंत आहे, की डबिंगपेक्षा सबटायटल लावून मूळ जपानीतच बघा, असा माझा आग्रह राहील.

आता तो चौथा भाग. उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. रेंगेला होनोका भेटते. तीही पहिलीतलीच, आजीकडे आलेली. रेंगेच्या आयुष्यात तिच्या वयाचं कुणी आजवर आलेलंच नाही, हे आपल्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो, आणि मग छातीत काहीतरी हलतं. दोघी गावभर हिंडतात. रेंगे तिला आपल्या जागा दाखवते. मग एक दिवस ती नेहमीसारखी बोलवायला जाते आणि आजी सांगते, होनोका गेली. तिच्या वडिलांचं काम निघालं, अचानक परतावं लागलं.

पुढे काय करतात बघा. काहीच करत नाहीत. संगीत नाही, समजूत नाही, धावत जाऊन बस गाठणं नाही. कॅमेरा बराच वेळ रेंगेच्या चेहऱ्यावरच थांबतो. चेहरा तोच, मख्ख. फक्त डोळे हळूहळू भरत जातात. माझी लेक त्या वेळी कुजबुजली, "रडणार आता." मी तिचा हात धरला. इतका वेळ एखाद्या लहान मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं धैर्य मी फार कमी ठिकाणी पाहिलंय. "लहान आहे, विसरेल" असं मला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं. ही मालिका तसं म्हणत नाही. ती थांबते आणि सोबत करते.

नंतर होनोकाचं पत्र येतं, सोबत दोघींचा फोटो. तेवढ्यावर रेंगेचा चेहरा कसा उमलतो, ते तुमचं तुम्हीच बघा.

अशा थांबण्यावरच ही मालिका उभी आहे. संवाद संपल्यावरही चित्र लगेच बदलत नाही. शेत, ढग, एखादा ओढा, बेडकांचा आणि रातकिड्यांचा आवाज. हिरोमी मिझुतानी यांचं संगीत नेमक्या वेळी मागे सरतं. पार्श्वभूमीची चित्रं अतिशय मायेने काढलेली आहेत. शाळेची इमारत तर सैतामा प्रांतातल्या ओगावा इथल्या, आता बंद असलेल्या एका खऱ्या लाकडी शाळेवरून घेतली आहे.

आणखी एक पात्र मनात राहिलं: खाऊच्या दुकानाची तरुण मालकीण काएदे. रेंगे तिला नावाने हाक मारतच नाही, 'दागाशिया' म्हणजे 'खाऊचं दुकान' असंच म्हणते. वरवर तुसडी, पण रेंगे तान्ही असताना तिला सांभाळायला हीच असायची. ते पहिल्या सीझनच्या नववर्षाच्या भागात कळतं आणि त्यानंतर तिच्या प्रत्येक करवादण्याचा अर्थ बदलतो.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. होतारूचं कोमारीवेड सुरुवातीला गोड वाटतं, पण तोच विनोद इतक्यांदा येतो की मी एकदोनदा उठून पाणी पिऊन आले. सुगुरू तिन्ही सीझनमध्ये जवळजवळ मुकाच आहे. त्याचा वापर हशा पिकवण्यापुरता होतो, याचं मला वाईट वाटलं. आणि वेग संथ आहे. फार संथ. एका बैठकीत चार-पाच भाग उरकायची सवय असेल तर तिसऱ्या भागापर्यंत कंटाळाल. रोज रात्री एक, असाच बघा.

क्रम मात्र चुकवू नका. दुसरा सीझन पुढे जात नाही. तो तेच वर्ष पुन्हा जगतो, पहिल्यात न दाखवलेल्या दिवसांसह. त्यामुळे वाटायला लागतं की ही मुलं कधी मोठी होणारच नाहीत. तिसऱ्याच्या शेवटी मात्र वर्ष खरोखर उलटतं. सुगुरू शाळेतून बाहेर पडतो, रेंगे दुसरीत जाते, आणि गावातली छोटी शिओरी पहिलीत दाखल होते. इतकी वर्षं सगळ्यांत धाकटी असलेली रेंगे आता कुणाची तरी ताई झालेली असते. आधीचे दोन सीझन सावकाश बघितले असतील तरच हे पोचतं.

आम्ही दोघींनी आता पुन्हा पहिल्या भागापासून सुरू केलंय. लेकीची एकच अट आहे: चौथा भाग सुरू होईल तेव्हा मी स्वयंपाकघरात असायचं नाही, तिच्या शेजारीच बसायचं.