न्यू यॉर्कची मतदार पुस्तिका: रद्दीत टाकू नका

न्यू यॉर्क सिटीचं कॅम्पेन फायनान्स बोर्ड (निवडणुकीच्या खर्चावर नजर ठेवणारं शहराचं मंडळ) निवडणुकीआधी मतदारांना पोस्टाने एक पुस्तिका पाठवतं, फुकट. क्वीन्समधल्या आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत ती पिझ्झाच्या कागदांबरोबर रद्दीत जाते आणि ते बघून खरंच जीव तुटतो, म्हणून लिहितेय. २४ जून २०२५ ची मेयरची डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, मी तिच्यापासून सुरुवात करूनच समजून घेतली.

प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे, त्यामुळे चिन्ह बघून बटण दाबायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. त्यात पाच जणांपर्यंत पसंतीक्रम देता येतो, म्हणजे एक आवडता ठरवून भागत नाही, तिसरा कोण आणि का याचाही विचार करावा लागतो.

पुस्तिकेत उमेदवाराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत असतं. चांगलं आहे, मधे कोणी मीठमसाला लावत नाही, पण स्वस्त घरं आणि सुरक्षित सबवे सगळ्यांनाच हवेत, मग फरक कुठे? मी एका वेबसाइटवरची क्विझ पण देऊन बघितली, नुसते हो-नाहीचे प्रश्न, शेवटी तिघं जवळपास सारख्याच टक्क्यांवर, काय घ्यायचं त्यातून!

मग रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर पुस्तिका उघडली, शेजारी उमेदवारांच्या वेबसाइट, आणि वहीत तीन रकाने आखले: काय देणार, कधीपर्यंत, आणि ते मेयरच्या हातात आहे का. तिसऱ्या रकान्याने सगळं चित्रच बदललं. शहरात तेव्हा किमान वेतन तासाला १६.५० डॉलर, उमेदवारांपैकी अँड्र्यू कुओमो म्हणत होते २०२७ पर्यंत २० करू, झोहरान ममदानी म्हणत होते २०३० पर्यंत ३०, पण तो कायदा राज्याचा. ममदानींच्या फुकट बसच्या आश्वासनाचंही तेच, बस चालवणारी एमटीए राज्याच्या ताब्यात. घरभाड्याचं मात्र वेगळं आहे, रेंट स्टॅबिलाइज्ड (भाडेवाढीवर मर्यादा असलेल्या) घरांची भाडेवाढ ठरवणाऱ्या मंडळाचे नऊही सदस्य मेयर नेमतो, त्यामुळे ममदानींचं भाडं गोठवायचं आश्वासन आणि कुओमोंचा त्याला विरोध, हा फरक थेट आमच्या घराच्या भाड्यावर येतो (आम्ही तशाच घरात राहतो). पोलिसही मेयरच्याच हाताखाली. कुओमोंना ५,००० पोलीस जास्त हवे होते, ममदानींना मानसिक आजाराच्या कॉलसाठी वेगळं खातं, आणि तिसरे उमेदवार ब्रॅड लँडर म्हणत होते की रस्त्यावर राहणाऱ्या गंभीर मनोरुग्णांना आधी घर द्या, मग उपचार. माझ्यासाठी खरी लढत भाडं आणि पोलीस या दोन मुद्द्यांवर होती, बाकी भाषणं.

पुस्तिकेला पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण कुठलं काम शहराचं आणि कुठलं राज्याचं हे प्रत्येक आश्वासनाशेजारी लिहिलं असतं तर माझी रात्र वाचली असती. बंगाली भाषेतही मिळते, शेजारच्या काकूंना तीच दाखवली, त्या बोटाने ओळी धरून सगळी वाचत बसल्या.

मी अर्ली व्होटिंगलाच (मुख्य दिवसाआधीच्या मतदानाला) गेले, वही बरोबर घेऊन. पाच गोल भरायला दोन मिनिटंही लागली नाहीत.