फुलं कंदाची, नाव दिव्याचं

बंद खोलीतलं केशर बघायला कुणी डेमोला बोलावलं आणि जांभळ्या उजेडात फुललेले ट्रे दाखवून 'ही आमच्या लाईटची कमाल' म्हणालं, तर तिथंच सावध व्हा. लातुरात आम्हा दोघा भावांना एका दिवे विकणाऱ्यानं असंच गंडवलं.

केशराचं फूल कंदात साठलेल्या अन्नावर येतं. खोली आधी २३ ते २७ अंशांत ठेवून पुढं १५-१७ अंशांपर्यंत उतरवली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात माती-पाण्याशिवायही फुलं निघतात. तेवढ्यापुरती साधी ट्यूबलाईटसुद्धा चालते. उजेडाचं खरं काम फुलं खुडल्यावर सुरू होतं. तेव्हा पाती वाढतात, मातीत लावलेल्या कंदाला पिल्लं धरतात आणि पुढच्या वर्षाचं पीक त्या पिल्लांवर असतं. ती पोसायला पात्यांवर दिवसाचे तासन्‌तास चांगला उजेड पडावा लागतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून डेमो ऐन फुलांत आणि वॉरंटी सहा महिन्यांची. कंद काढायची वेळ येते एप्रिल-मेमध्ये, तोवर ती संपलेली.

दिव्यावर ठळक अक्षरांत '१००० वॅट' छापलेलं होतं. "अण्णा, हजार वॅटचं काम करतंय, पण बिल येतंय शंभराचं. एलईडी हाय ना!" हे त्याचं आवडतं वाक्य. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, बस. हजार वॅटचा एलईडीही तासाला एक युनिटच खाणार. असे चार दिवे रोज दहा तास चालले तर महिन्याला १२०० युनिट व्हायला हवेत. आमचं बिल एसी धरूनही त्याच्या आसपास फिरकलं नाही, आणि त्याचंही श्रेय त्यानं दिव्यालाच दिलं!

फुलं आली, वजन ठीक भरलं. मग पाती लांबत गेली, पिवळसर पडली आणि ट्रेच्या कडेनं आडवी झाली. फोन केला तर "खत कमी पडायलंय" म्हणून दोन बाटल्या आणखी गळ्यात मारल्या. कंद उकरले तेव्हा पिल्लं लसणाच्या पाकळीएवढी. आठ ग्रॅमच्या खालचा कंद सहसा फुलत नाही, म्हणजे पुढच्या हंगामाचं बियाणंच गेलं.

भावानं गल्लीतल्या वायरमन मामांना बोलावलं. मामांनी दिवा उघडायच्या आधी मीटर गाठला. घरातली सगळी बटणं बंद, चालू फक्त एक दिवा. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० ठोके असं छापलेलं आहे, म्हणजे त्यावरचा लाल ठिपका युनिटमागे ३२०० वेळा लुकलुकतो. हजार वॅटला मिनिटात ५३ वेळा लुकलुकायला पाहिजे होता. मामा मोबाईलमध्ये सेकंद बघत मोजत होते. मिनिट संपलं तेव्हा सहा झाले होते. म्हणजे जेमतेम ११० वॅट. मग झाकण काढलं. आत चार ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे डबे), प्रत्येकावर ८० व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर. गुणाकार केला तर २४ वॅट. चौघांचे मिळून ९६. बाकीचे नऊशे नुसत्या स्टिकरवर. आणि त्या स्टिकरच्या खालच्या कोपऱ्यात, भिंग लावून वाचावं एवढ्या अक्षरांत, 'समतुल्य'.

डेमोत त्यानं मोबाईलवरचं लक्स मोजायचं ॲपही दाखवलं होतं, फोन दिव्याच्या अगदी पोटाशी धरून. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं असतो आणि आपला डोळा हिरव्याला जास्त मानतो. लाल-निळ्या दिव्याचा पिकाला किती उपयोग, हे त्यातून कळत नाही. झाडासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश मायक्रोमोलमध्ये मोजतात. तेव्हा दुकानदाराकडून खरे वॅट, विजेच्या एका ज्यूलमागे किती मायक्रोमोल (चांगले दिवे आज अडीच किंवा वर देतात) आणि तुमच्या रॅकच्या उंचीवर मधोमध आणि चारही कोपऱ्यांत किती पडतात, हे बिलावर किंवा लेटरहेडवर घ्या. आम्हाला मिळाला तो फक्त मधला आकडा, तोही तोंडी. ड्रायव्हरवर बीआयएसचा (मालाची मानकं ठरवणारी सरकारी संस्था) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. आमच्या ड्रायव्हरवर नंबरच नव्हता.

पैसे मागितले तर म्हणाला, "तुमी धंद्यासाठी घेतलाव, ग्राहक मंच तुमचं ऐकत नाही." हे अर्धंच खरं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून पोट भरायला घेतलेली वस्तू धंद्याची धरत नाहीत. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवल्यावर तो दोन नवे दिवे बदलून द्यायला तयार झाला. स्टिकर तेच, हजार वॅटचं. आम्ही नको म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. बिल, त्याचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि मीटरचा व्हिडिओ वकिलांकडे दिला आहे. व्हिडिओ काढताना मीटरचा नंबर आणि पेटलेला दिवा एकाच शॉटमध्ये घ्या, असं वकिलांनी सांगितलं. आमचा पहिला व्हिडिओ तसा नव्हता, परत काढावा लागला.